डबा वर गेल्यावरच उघडायचा

ताई गेल्याचं पहिल्यांदा कळलं ते त्यांच्या बुटांवरून. ग्लासगोतल्या त्यांच्या फ्लॅटच्या दाराबाहेर, वर्तमानपत्रावर, लेस सैल करून ठेवलेले ते बूट दर रविवारी सकाळी सात वाजता नाहीसे व्हायचे आणि संध्याकाळी चिखल घेऊन परत यायचे. एप्रिलमधल्या त्या रविवारी आठ वाजत आले तरी बूट जागच्या जागी होते. खालच्या मजल्यावरची नॉर्मा, ताईंची तीस वर्षांपासूनची शेजारीण आणि डोंगरातली जोडीदार, गाडी सुरू करून वाट बघत होती. ती वर आली, बूट पाहिले, आणि दार वाजवायच्या आधीच काय ते समजली. तिच्याकडे किल्ली होती. ताई झोपेतच गेल्या होत्या. उशाशी चष्मा, आणि चष्म्याखाली त्या दिवसाच्या डोंगराचा घडी घातलेला नकाशा... वय एकाहत्तर. नॉर्माचा लंडनला, स्टॅनमोरच्या आमच्या घरी फोन आला तेव्हा माझा नवरा अविनाश, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, बागेत होता आणि मी कणीक मळत होते. त्या फोनच्या बटणांच्या फटीत अजून थोडं पीठ आहे. मी ते काढलेलं नाही.

याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीसाठी ताईंवर काही लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी हो म्हटलं, पण मनाशी एक ठरवून. रडका लेख लिहायचा नाही. ताईंचं सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलं, आणि रडणाऱ्या माणसांना सांगायचं त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "रडायचं असेल तर चालता चालता रड, वेळ वाचतो." मला त्या हे निदान चार वेळा म्हणाल्या असतील. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल मला जे सांगायचंय ते आठवलं की आधी हसूच येतं.

ताई मूळच्या साताऱ्याच्या. वडील शाळेत हेडमास्तर. दर रविवारी ते मुलांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर चढायचे आणि वर गेल्यावर डबा उघडायचे. पुढे ताई डॉक्टर झाल्या, साठच्या दशकाच्या अखेरीस इकडे आल्या, ग्लासगोत राहिल्या त्या राहिल्याच. लग्न केलं नाही. का, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात, पुण्याला. त्या दोन आठवड्यांची रजा काढून आल्या होत्या. माझ्या मावशीने मला आधीच बजावून ठेवलं होतं की कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, आणि नणंदेचंही तसंच, त्यातून ही विलायतेतली डॉक्टर नणंद. मी धसकूनच होते. कार्यालयात मी नव्या चपला घालून इकडून तिकडे जात असताना लांब खुर्चीवर बसलेल्या या बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, झालं, खोड निघाली. त्या उठल्या, मला खुर्चीत बसवलं, आणि भर मांडवात माझ्यासमोर मांडी घालून माझी डावी टाच हातात घेतली. चपलेने कातडं सोललं होतं ते त्यांना माझ्या चालण्यावरून कळलं होतं. पर्समधून पट्टी काढून त्यांनी ती लावली आणि म्हणाल्या की आता नीट मिरव. नणंद नव्या भावजयीच्या पायाशी बसलेली पाहून मावशीचा चेहरा जो पडला तो जेवणाच्या पंगतीपर्यंत वर आला नाही.

मी इथे आल्यावर ताईंचे रविवार मला कळायला लागले. सोमवार ते शनिवार फुटलेली डोकी, मोडलेले हात, प्यालेले लोक. आणि रविवारी डोंगर. कधी एकट्या, बहुतेक वेळा नॉर्माबरोबर. पाठीवरच्या पिशवीत वडिलांचा चार पुडांचा डबा. पुडं स्टीलची, पण ती एकत्र धरणारी दांडी आणि वरची खिट्टी जुनी, लोखंडाची, साताऱ्याच्या कुणा लोहाराकडून करून घेतलेली. डब्याचा नियम वडिलांचा होता आणि तो मोडायचा नाही म्हणजे नाही. डबा वर गेल्यावरच उघडायचा. एकदा शिखर हाताशी आलेलं असताना वाऱ्याने दोघींना माघारी लोटलं. नॉर्मा भुकेने कासावीस झालेली, डब्यात थालीपीठं, आणि ताई तो डबा तसाच खाली घेऊन आल्या. घरी आल्यावर नॉर्माला त्यांनी गरम आमटीभात करून वाढला, आणि थालीपीठं दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या नर्सनी खाल्ली. नॉर्मा ही गोष्ट सांगताना अजून चिडते. डोंगरांची त्यांची एक वहीही होती, निळ्या पुठ्ठ्याची. डोंगराचं नाव, उंची, बरोबर कोण, डबा किती वाजता उघडला, आणि शेवटी लाल पेनाने बरोबरची खूण. माथ्याला पाय लागला नसेल तर खूण नाही. मग तो डोंगर पुन्हा करायचा, खूण मिळेपर्यंत. त्या वाऱ्याच्या डोंगरावर दोघी नंतर दोनदा गेल्या.

मला यातलं काही झेपणारं नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी बाई. लहानपणी पर्वती चढले होते, तेवढा गिर्यारोहणाचा अनुभव मला आयुष्यभर पुरेल असं माझं मत होतं. ते मत बदलायची वेळ आली दोन हजार तीनच्या हिवाळ्यात. घराजवळच्याच एका राउंडअबाउटवर मागून एका लॉरीने माझ्या गाडीला ठोकलं. गाडी गेली, मला चार दिवसांची मानदुखी, बाकी काही नाही. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण माझ्या आत काहीतरी निखळलं होतं. आधी मी गाडी चालवणं सोडलं. मग दुसऱ्याच्या गाडीत बसणं. मग ट्यूब, मग बस, मग दुकानात जाणं. मार्च उजाडेपर्यंत मी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपलीकडे जात नव्हते. इल्फर्डला माझी सख्खी बहीण राहते, तिच्या घरी वास्तुशांत झाली आणि मी लंडनमध्ये असून गेले नाही. जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, गोळ्या दिल्या, अविनाशने समजावलं, आमची रेवा तेव्हा अठरा वर्षांची, ती माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलायला लागली. मला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी बाहेर पडवत नसे.

अविनाशने शेवटी बहिणीला फोन केला. ताई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या ट्रेनने हजर, आणि पंधरा दिवस राहिल्या. मला एका शब्दाने उपदेश केला नाही. फक्त रोज सकाळी म्हणायच्या, चल, कालच्या खांबापर्यंत. कालचा खांब झाला की आजचा पुढचा. पंधराव्या दिवशी आम्ही स्टॅनमोर कॉमनच्या झाडीत फिरून आलो आणि मी चहा टाकला तेव्हा त्यांनी ओट्यावर एक नकाशा पसरला. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं मल नावाचं बेट. तिथला सर्वांत उंच डोंगर बेन मोर. त्यांच्या वहीत तो यायचा राहिला होता.

"जूनमध्ये जाऊ या. समुद्रात पाय बुडवून निघायचं आणि थेट टॉपला. मध्ये चीटिंग नाही."

मी म्हटलं, "अहो ताई, मला पोस्टाच्या पेटीपर्यंत जाताना धडधडतं, आणि तुम्ही मला डोंगरावर कसलं नेताय?"

"पेटीपाशी लॉऱ्या असतात," त्या म्हणाल्या. "डोंगरावर नसतात."



जूनमध्ये आम्ही दोघी ओबनहून बोटीने मलला गेलो. गाडी ताईंची, चालवणाऱ्या त्याच, आणि मी शेजारी डोळे मिटून. बेटावरचा रस्ता एका गाडीपुरता. समोरून कुणी आलं की कडेला थांबायच्या जागा असतात, तिथे थांबून एकमेकांना हात करायचा. एका वळणावर ताईंनी गाडी थांबवून मला डोळे उघडायला लावले. समोर डोंगर होते, काळे, पायऱ्या पायऱ्यांचे, पायरीवर हिरवळ आणि खाली उभा कातळ. मी बघतच राहिले. साताऱ्याहून महाबळेश्वराकडे जाताना दिसतात तसेच. ताईंनी मला बोटीवरच सांगितलं होतं की हे बेट ज्वालामुखीने घडवलंय, थरावर थर ओतत, आपल्या सह्याद्रीसारखं. पण ऐकणं वेगळं. त्या खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की बघ, आपल्याकडचाच दगड, फक्त याला उन्हाळा माहीत नाही. पस्तीस वर्षं परदेशात काढलेली बाई, त्या दगडापाशी तिचे डोळे भरून आले होते. अर्थात, लगेच त्या चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या काठावर आम्ही खरोखरच बूट काढून पाय बुडवले. पाणी इतकं गार की माझ्या तोंडून थेट आजीच्या भाषेतला शब्द बाहेर पडला. मग चढ. आधी ओलं गवत, मग एका ओढ्याच्या कडेने वर वर, लहान लहान धबधबे, आणि जिथे थांबावं तिथे मिज. हे मिज म्हणजे डासांची चिल्लीपिल्ली, दिसत नाहीत पण कानाच्या पाळीपासून सुरुवात करतात. मी दर दहा मिनिटांनी विचारायची, आणखी किती. ताईंनी एक तोड काढली. शंभर पावलं टाकायची आणि एका पदार्थाची कृती सांगायची, मग पुन्हा शंभर. मी अळूच्या वड्यांपासून सुरुवात केली. उकडीच्या मोदकांपर्यंत आले तेव्हा मागे वळून पाहिलं, तर आमची गाडी खाली खाडीच्या कडेला मोहरीएवढी दिसत होती. माझं काळीज धडधडत होतं, पण ते चढामुळे. हा फरक माझ्या लक्षात आला आणि मी ताईंना तसं सांगितलं. त्यानंतर त्या बराच वेळ शीळ घालत होत्या.

मग घसारा लागला. दोन पावलं वर, एक पाऊल खाली, सुटे दगड बुटाखालून पळतायत. आणि तेवढ्यात धुकं आलं. दहा पावलांपलीकडचं काही दिसेना. आम्ही ठरल्यापेक्षा दोन तास मागे होतो. ताईंनी पुस्तकात वाचून ठेवलं होतं की बेन मोरच्या माथ्यावरच्या दगडात लोखंड आहे, तिथे कंपासची सुई भरकटते, म्हणून तिथे सांभाळा. त्यांनी ही सावधगिरीची सूचना उलटी वापरायची ठरवली. सुई भरकटली की समजायचं, आपण वर आलो. धुक्यातून दगडांची एक मोठी रास पुढे आली, माणसांनी रचलेली. ताईंनी नकाशा काढला. गवत ओलं, वारा सुटलेला, नकाशा ठेवायला जागा नाही. तेव्हा त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला, म्हणाल्या की घट्ट धर, हे आपलं टेबल. डब्याच्या झाकणावर नकाशा, नकाशावर कंपास. सुई हलली, थबकली, आणि सरळ भलतीकडेच वळली.

"आलं," ताई म्हणाल्या. "शुभा, आलं. बघ सुई."

मी पाहिलं. खरंच, सुईला वेड लागलं होतं. मी डबा हातात घेऊन तिथेच रडायला लागले, आणि ताईंनी प्रथमच मला उभ्याउभ्या रडू दिलं. मग आम्ही दोघी पन्नाशी-साठी उलटलेल्या... नाही, माझी अजून उलटायची होती, पण असो... दोघी बायकांनी धुक्यात तोंड वर करून 'हर हर महादेव' अशी आरोळी ठोकली. डबा उघडला. थालीपीठं, लोणी, कैरीचं लोणचं, आणि खालच्या पुडात खोबऱ्याच्या वड्या. ताईंनी एक तुकडा राशीतल्या दगडावर डोंगरासाठी ठेवला.

आमची आरोळी ऐकून की काय, खालच्या बाजूने एक स्कॉटिश जोडपं धुक्यातून आलं. ताईंनी त्यांना आग्रहाने बसवलं, आम्ही शिखर सर केल्याची बातमी दिली, थालीपीठ खायला घातलं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आमचं मनापासून अभिनंदन केलं, ताईंच्या कॅमेऱ्याने आमचा डब्यासकट फोटो काढला, जागा फार छान आहे म्हणाले, आणि निघाले. पण ते भलत्याच दिशेने निघाले. वर. ताईंनी त्यांना हाका मारल्या की उतरायची वाट इकडे आहे. त्यांनी वळून हात हलवला आणि ते धुक्यात दिसेनासे झाले.

"वाट चुकले बिचारे," ताई म्हणाल्या, आणि आम्ही त्यांच्या काळजीत आणखी एकेक वडी खाल्ली.

त्या संध्याकाळी मी ज्या बाईंकडे आम्ही उतरलो होतो त्यांच्या बैठकीत पाय पसरून बसले होते आणि घरी फोन करून अविनाशला, मग रेवाला, मग इल्फर्डला बहिणीला सगळं रंगवून सांगत होते. ताई स्वयंपाकघरात डबा घासत होत्या. बराच वेळ घासत होत्या. बाहेर आल्या तेव्हा हातात लाल डोंगरी गाईचं चित्र असलेलं एक चुंबक होतं, फ्रिजच्या दाराला लावतात तसलं. बाईंनी दिलं म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं की ताई, आज मला वाटतंय की मी काहीही करू शकते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या मांडवात पाहिलं होतं तसं, टक लावून. सकाळी गाडीत सामान ठेवून झालं आणि त्यांनी किल्ली माझ्यासमोर धरली.

"पाय दुखतायत माझे. बोटीपर्यंत तू घे."

त्यांचे पाय कधी दुखत नसत, हे मला माहीत होतं. पण बेन मोर चढलेली बाई एका गाडीपुरत्या रस्त्याला भिते, हे मला शोभणारं नव्हतं. मी बसले. पहिले पाच मैल दुसऱ्या गिअरमध्ये. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी इतक्या आनंदाने हात केला की लोकांना मी ओळखीची वाटले असणार. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा माझा ब्लाउज घामाने भिजला होता आणि बोट अजून सुटायची होती. पुढच्या महिन्यात मी दुकानात परत गेले. गणपतीला इल्फर्डला बहिणीकडे स्वतः गाडी चालवत गेले. तो फोटो मोठा करून मी दुकानातल्या माझ्या तपासणीच्या खोलीत लावला आणि अक्षरं वाचून झालेल्या प्रत्येक पेशंटला विचारायचं, तो डोंगर कोणता सांगा बघू.

त्यानंतर दोन वर्षांनी रेवा तिच्या विद्यापीठातल्या मित्रमंडळींबरोबर बेन मोरला जाऊन आली. आली ती माझ्या खोलीत जाऊन फोटोसमोर उभी राहिली, बराच वेळ. मग तिच्या इथल्या मोडक्या मराठीत मला हळूच म्हणाली, "आई, टॉपला दगडांचा गोल भिंत आहे. मोठा. तुझा फोटोमध्ये नाहीये तो. आणि हे बघ, तुझ्या मागे." मी चष्मा लावून पाहिलं. ताईंच्या खांद्यामागे धुकं जरा विरळ झालेलं, आणि त्यात एक काळपट उतार वर चढत गेलेला. दोन वर्षं रोज तो माझ्या डोळ्यांसमोर होता. दुसऱ्यांचे डोळे तपासणारी मी, मला सबंध डोंगर दिसला नव्हता. आणि ते जोडपंही आठवलं. बिचारे वाट चुकले नव्हते. आम्हाला खरं सांगणं त्यांच्या सभ्यतेत बसलं नव्हतं, एवढंच.

दोन दिवस मी धुमसत होते. आपलं काहीतरी काढून घेतलंय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी इल्फर्डला जायचं होतं, गाडी काढली, नॉर्थ सर्क्युलर रस्त्याला लागले, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी चालवतेय. मी माथ्यावर गेले नव्हते हे गाडीला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मला एकटीला हसू फुटलं. ताईंना मात्र हे कळता कामा नये असं मी ठरवलं. पट्टीचा पोहणाराच कधी कधी फसतो, हे खरं, पण अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागलेले असताना, तुमची लाल खूण खोटी आहे हे त्यांना कशाला सांगायचं? मी रेवाला तंबी दिली. तीन वर्षं आम्ही दोघींनी तोंड उघडलं नाही. ताईंशी बेन मोरचा विषय निघाला की मी दुप्पट उत्साहाने बोलायची, आणि त्याही.

मे महिन्यात फ्लॅट आवरायला मी आणि रेवा ग्लासगोला गेलो. नॉर्मा मदतीला होती. स्वयंपाकघरात फळीवर तो चार पुडांचा डबा होता, आणि त्याच्या लोखंडी दांडीला ते लाल गाईचं चुंबक घट्ट चिकटलेलं होतं. मी ते ओढून काढलं, सोडलं, ते फट्कन पुन्हा दांडीला जाऊन बसलं... आणि मी तशीच खाली बसले. नॉर्मा म्हणत होती की हा डबा विजयाने, म्हणजे ताईंनी, कितीतरी वर्षांत डोंगरावर नेला नाही, आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यातून खाणं न्यायची, आणि नॉर्माला वाटायचं की वय झालं, वजन नको म्हणत असेल. मी वही मागितली. त्या जूनचं पान काढलं. ताईंचं अक्षर, डॉक्टरांचं असून स्वच्छ.

'बेन मोर, मल. शुभाबरोबर. डबा दोन वाजता उघडला. सुई डब्याने फिरवली, डोंगराने नव्हे. माथा वर राहिला. शुभाला सांगायचं नाही.'

पुढे लाल खूण नव्हती.

म्हणजे त्या संध्याकाळी, बाईंच्या मोरीपाशी, फ्रिजवरचं चुंबक डब्याला चिकटलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. सकाळी माझ्यासमोर किल्ली धरली तेव्हा त्यांना माहीत होतं. नॉर्माने आणखी सांगितलं. तिला मल बघायचं होतं, तिने तीनदा बेत काढला, आणि तिन्ही वेळा विजया म्हणाली, तो माझा झालाय, दुसरा डोंगर बघ. झालेला नव्हता. पण त्या पुन्हा गेल्या असत्या तर खूण करावी लागली असती, आणि माझी आरोळी खोटी पडली असती. जी बाई एका वाऱ्यासाठी एकच डोंगर तीनदा चढली, तिने हा डोंगर माझ्यासाठी कायमचा सोडून दिला. मी त्या मोकळ्या स्वयंपाकघरात रडले. चालता चालता नाही, बसून. रेवा मला थोपटत होती आणि नॉर्माला बिचारीला काहीच कळत नव्हतं.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघी मलला जाऊन आलो. गाडी मी चालवली. खाडीत पाय बुडवले. डबा माझ्या पाठीवर, कंपास रेवाच्या खिशात, आणि तिला ताकीद की माझ्यापासून दहा पावलं लांब राहायचं. ऊन लख्ख होतं. आमची ती रास आली आणि वरचा माथा असा समोर उभा, की आम्ही तो धुक्यात कसा विसरलो याची लाज वाटावी. मी तिथे बसले आणि डब्याची खिट्टी काढली. नॉर्मा घाबरून म्हणाली, शुभा, नियम! मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली, सुईची, जोडप्याची, चुंबकाची. ती इतकी हसली, इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं, आणि हसता हसता म्हणाली की त्या दिवशीच्या उपाशी पोटाचा हा बदला आहे. थालीपीठं आम्ही तिथेच संपवली. एक तुकडा दगडावर ठेवला. मग रिकामा डबा घेऊन वर गेलो. गोल भिंतीत उभं राहून रेवाने कंपास दगडावर ठेवला आणि सुई खरोखरच भरकटली, डब्याशिवाय. आम्ही तिघींनी आरोळी दिली. नॉर्माचं 'महादेव' अजून जरा कच्चं आहे.

वही आणि लाल पेन मी बरोबर नेलं होतं. नॉर्मा म्हणाली, कर खूण, तिच्यासाठी. मी टोपण काढलं, पान उघडलं, आणि टोपण परत लावलं. ती जागा ताईंनी समजून उमजून कोरी ठेवली होती. माझ्यासाठी त्यांनी केलेलं सगळं त्या कोऱ्या जागेत आहे, ते मी कशाला पुसू.

डबा आता स्टॅनमोरला माझ्या ओट्यावर असतो, दांडीवर लाल गाय. अविनाश ती काढून फ्रिजवर कागद अडकवायला लावतो, मी परत आणून ठेवते. वरच्या पुडात मी गाडीची किल्ली ठेवते. बाहेर पडायचं तर आधी खिट्टी काढावी लागते. डबा वर गेल्यावरच उघडायचा, हे मला पाठ आहे. पण रोज सकाळी मी तो इथेच, खालीच उघडते, किल्ली घेते आणि निघते. ताईंनीही तो एकदा माझ्याबरोबर नकळत खालीच उघडला होता, आणि माझ्यासाठी तसाच राहू दिला होता.